‘महिन्याला किती मिळतात?’ हा प्रश्न फॉर्ममधून आधी काढा

बचत गटाला शेळ्या दिल्या, शेततळं खोदून दिलं, शिवणयंत्रं वाटली. दोन वर्षांनी निधी देणारे विचारतात, ‘उत्पन्न किती वाढलं?’ मग संस्थेत नव्याने लागलेल्या कुणाच्या तरी हातात टॅब देऊन त्याला गावात धाडलं जातं. हा लेख त्याच्यासाठी.

मीही असाच धाडला गेलो होतो. मराठवाड्यातलं एक गाव, समाजमंदिरात बैठक, चाळीस बायका. मी एकेकीला विचारत गेलो, ‘ताई, महिन्याचं उत्पन्न किती?’ पहिलीने जरा विचार करून ‘पाच हजार’ सांगितलं. पुढच्या जवळजवळ सगळ्याजणींनी पाच हजारच सांगितलं. सतरंजी एक, उत्तरही एक. तो आकडा अहवालात छापून आला. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी त्याच गावातून ‘आठ हजार’ आणले आणि उत्पन्नात साठ टक्के वाढ झाल्याचं जाहीर झालं. ना पहिला आकडा खरा होता, ना दुसरा. वाढ कुठून खरी असणार?

शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरात ‘महिन्याचं उत्पन्न’ नावाची गोष्टच नसते. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी, मजुरी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, आणि बोकड विकला जातो तो जत्रेच्या तोंडावर. या सगळ्याला बाराने भागून त्या बाईने तुम्हाला तिथल्या तिथे आकडा सांगावा, ही आपली अपेक्षाच चूक. उत्पन्न विचारायचं नसतं, ते तुकड्यातुकड्याने जुळवायचं असतं. ते कसं, ते खाली क्रमाने सांगतो.

पायरी १ : अख्खं घर मोजा, फक्त प्रकल्पाचा धंदा नको

शेळ्या दिल्या म्हणून फक्त शेळ्यांचे पैसे मोजणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी पद्धत. शेळीमागे बाई थांबली की तिची खुरपणीची मजुरी बुडते. शेततळं झालं की नवरा कारखान्यावर जायचा थांबतो. एका खिशात आलेलं दुसऱ्या खिशातून गेलं का, हे अख्खं घर मोजल्याशिवाय कळत नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे पाहा. २०१८-१९ या पीकवर्षात देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकांचे ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. म्हणजे ज्यांना आपण शेतकरी म्हणतो त्यांच्या घरातही पिकांपेक्षा मजुरी जास्त. उरलेले जनावरांचे १,५८२, छोट्या धंद्याचे ६४१ आणि जमीन कसायला देऊन आलेले १३४. तुमच्या फॉर्ममध्येही निदान हे पाच कप्पे हवेत. मी त्यात बाहेरगावी असलेल्या मुलाने पाठवलेले पैसे आणि सरकारी योजनांचे पैसे असे दोन कप्पे वेगळे जोडतो. ते का, ते पुढे येईलच.

‘घर’ म्हणजे कोण, हेही लिहून ठेवा. एका चुलीवर जेवणारे, हा जुना नियम अजून चालतो. पण पाहणीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये भाऊ वेगळे झाले तर? पहिल्या वेळी सात माणसांचं घर, दुसऱ्या वेळी चारचं. उत्पन्न निम्म्यावर आलेलं दिसेल आणि तुम्ही कारण शोधत बसाल. माणसं मोजा आणि दरडोई आकडाही काढा.

पायरी २ : खर्च कुठला धरायचा, ते एकदाच ठरवा

उत्पन्न म्हणजे विक्री नाही. नवे लोक विक्रीच उत्पन्न म्हणून लिहून आणतात, आणि अनुभवी लोकांच्या अहवालातही मी हे पाहिलं आहे. खर्च वजा करायचाच. प्रश्न एवढाच की कुठला.

हमीभावाच्या चर्चेत ‘ए-टू’, ‘ए-टू अधिक एफ-एल’ आणि ‘सी-टू’ हे शब्द कानावर येतात. पहिल्यात शेतकऱ्याने खिशातून प्रत्यक्ष पैसे मोजून केलेला खर्च: बियाणं, खत, फवारणी, मजूर, ट्रॅक्टरभाडं. दुसऱ्यात घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत मिळवतात. तिसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरतात. वर दिलेले १०,२१८ रुपये प्रत्यक्ष मोजलेल्या खर्चाच्या पद्धतीने काढले आहेत. त्याच पाहणीत घरच्या वस्तू आणि घरचे कष्ट यांची किंमत खर्चात धरली तेव्हा आकडा ८,३३७ वर आला. माणसं तीच, पीक तेच, फक्त व्याख्या बदलली आणि महिन्याला जवळपास एकोणीसशे रुपये गेले. पहिल्या फेरीत एक पद्धत आणि दुसऱ्या फेरीत दुसरी वापरली, तर प्रकल्पाने काही न करताही एवढी ‘वाढ’ किंवा ‘घट’ कागदावर उभी राहते.

छोट्या संस्थेने प्रत्यक्ष मोजलेला खर्चच वजा करावा, घरच्या कष्टाचे दिवस मात्र वेगळ्या रकान्यात लिहावेत, असं माझं मत. त्या दिवसांना किंमत लावायची की नाही यावर तासन्‌तास वाद घालता येतो. दिवस नोंदलेलेच नसतील तर तो वादही घालता येत नाही.

पायरी ३ : कधी जायचं

सोयाबीन-हरभऱ्याच्या पट्ट्यात वर्षातून एकदाच जायचं तर उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या आसपास. खरीप-रब्बीचा हिशोब झालेला असतो आणि पेरणीची धांदल सुरू झालेली नसते. दोनदा जाता आलं तर फार बरं. वर सांगितलेल्या पाहणीतही एकाच घरी दोन वेळा गेले होते, कारण सहा महिन्यांपूर्वीची फवारणी कुणाला आठवत नाही.

बीड, धाराशिव, जालन्याच्या गावांत जानेवारीत जाऊ नका. निम्म्या घरांना कुलूप असतं. माणसं ऊसतोडीला गेलेली. जे भेटतात ते गावात थांबू शकणारे, म्हणजे त्यातल्या त्यात बरे. सरासरी आपोआप फुगते. ऊसतोडीच्या घरांत आणखी एक गंमत आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल हे उत्पन्न नाही, ते कर्ज आहे. किती टन तोडले त्यावर कमाई ठरते आणि त्यातून उचल फिटते. फॉर्ममध्ये उचल उत्पन्नात टाकलेली मी कितीदा खोडली आहे.

आणि पायाभूत वर्ष, म्हणजे पहिल्या पाहणीचं वर्ष, कसं होतं ते बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात ज्यांनी पहिली पाहणी केली, त्यांच्या प्रकल्पाला पुढच्या चांगल्या पावसाने यशस्वी केलं. उलटही होतं. २०२१-२२ च्या हंगामात सोयाबीन क्विंटलला ३,९५० च्या हमीभावापेक्षा बरंच वर विकलं गेलं. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात माल त्याच्याही खाली जात होता. या दोन वर्षांत जे काही मोजलं गेलं असेल त्यात प्रकल्प कमी आणि मोंढ्यातला भाव जास्त.

पायरी ४ : विचारायचं कसं

बैठकीत विचारू नका. घरी जा, एकेकाला भेटा. गावातल्या जनावरांची देखभाल करणाऱ्या ज्या पशुसखीने शेळ्यांना लस टोचली तिलाच ‘फायदा झाला का?’ विचारायला पाठवू नका. तिच्यासमोर नाही म्हणणं कुणालाही जड जातं. नवरा-बायको दोघांशी बोला, जमलं तर वेगवेगळं. दुधाचं आणि शेळीचं तिला ठाऊक असतं, आडतीवरची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, त्याच्या खिशात असते.

तारीख विचारू नका, सण विचारा. ‘पोळ्याच्या आधी विकला का नंतर?’ याला लगेच उत्तर येतं. पिकाचं विचारताना पोती विचारा आणि एका पोत्यात किती किलो तेही विचारा. हमाली-तोलाई कापून हातात काय आलं ते पट्टीवरून घ्या. मजुरीचं वर्षाचं एकदम विचारायचं नाही. खुरपणीचे किती दिवस, काढणीचे किती, कापूस वेचणी असेल तर किलोवर किती, उक्तं घेतलं का रोजाने गेलात, असं कामाकामाने जायचं. दुधाचं डेअरीच्या पुस्तकावरून उतरवा, पण घरी ठेवलेला लिटरभर विसरू नका. घरी खाल्लेली ज्वारी, घरी कापलेला बोकड हेही उत्पन्नच. गावात जो भाव होता तो लावा.

एका शेळीवाल्या घराचा हिशोब जवळून दाखवतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आकडे गोल केलेले आहेत. प्रकल्पाने या काकूंना दोन उस्मानाबादी शेळ्या दिल्या. वर्षभरात चार करडं झाली, तीन बोकड आणि एक पाट, म्हणजे मादी. दोन बोकड विकले, ७,५०० आणि ६,५०० ला. संस्थेच्या मासिक अहवालात एवढंच होतं: ‘लाभार्थी महिलेला १४,००० रुपयांचे उत्पन्न’. मी त्यांच्या ओसरीवर बसलो. तिसऱ्या बोकडाचं काय झालं? ‘जत्रेला कापला की.’ त्याचे साधारण ६,००० धरले. पेंड-भुश्शाचे २,२०० आणि औषधपाण्याचे ६०० गेले होते. म्हणजे १४,००० अधिक ६,०००, वजा २,८००, हाती १७,२००.

मग विचारलं, दोन्ही शेळ्या आहेत ना? काकू गप्प. एक पावसाळ्यात फुगून मेली होती. ते अहवालात नव्हतं, कारण फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता. शेळीची किंमत ९,००० धरली आणि राखलेल्या पाटीची ५,०००. म्हणजे गोठ्यातल्या मालमत्तेत ४,००० ची घट. १७,२०० चे १३,२०० झाले. सगळ्यात शेवटी मजुरीचा रकाना आला. शेळ्यांमागे राहिल्याने त्या आधीच्या वर्षापेक्षा चाळीस दिवस कमी कामाला गेल्या होत्या. अडीचशे रोजाने १०,००० बुडाले. घरात खरी भर पडली ती ३,२०० रुपयांची.

या आकड्याने प्रकल्प वाईट ठरत नाही. काकूंचं म्हणणं होतं की उन्हातान्हात दुसऱ्याच्या बांधावर वाकण्यापेक्षा हे बरं, आणि तेही खरंच आहे. पण ती गोष्ट वेगळी लिहा. तिला उत्पन्नाच्या रकान्यात बसवू नका. आणि हो, दिलेल्या दोन शेळ्यांची किंमत उत्पन्नात धरायची नाही. ती तुम्ही दिलेली मालमत्ता आहे. ती धरली तर कुठलाही वाटप-कार्यक्रम पहिल्याच दिवशी यशस्वी होतो.

पायरी ५ : सांगितलेला आकडा तपासा

लोक उत्पन्न कमी सांगतात, आणि त्यांच्या जागी तुम्हीही तेच कराल. रेशनकार्डाचा रंग उत्पन्नावर ठरतो, लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांची मर्यादा आहे. टॅब घेऊन आलेला माणूस सरकारी नाही हे दहा वेळा सांगून पटत नाही. म्हणून सोबत खर्चाचे थोडे प्रश्न ठेवा: किराणा, दवाखाना, शाळा-क्लास, मोबाइल, लग्नकार्य, कर्जाचे हप्ते. २०२३-२४ च्या सरकारी खर्च पाहणीत ग्रामीण भारतातला दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला. पाच माणसांच्या घराला तो वर्षाला २ लाख ४७ हजारांवर जातो. तुमच्या गावातली घरं यापेक्षा गरीब असतील, पण पाच माणसांचं घर वर्षाला साठ हजारांत चालतं असं फॉर्म म्हणत असेल तर फॉर्म काहीतरी विसरला आहे. परत जा. बहुतेक वेळा पुण्यातल्या मुलाचे पैसे, हातउसने किंवा गहाण ठेवलेलं सोनं निघतं.

पायरी ६ : योजनांचे पैसे बाजूला काढा

महाराष्ट्रात हे आता टाळताच येत नाही. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले, वर्षाचे १८,०००. केंद्राच्या शेतकरी सन्मान निधीचे ६,००० आणि त्यावर राज्याचे ६,००० आधीपासून आहेतच. तुमची पहिली पाहणी २०२३ ची आणि दुसरी २०२५ ची असेल, तर महिलांच्या उत्पन्नातली मोठी वाढ मुंबईहून आलेली असू शकते. तुमचं शिवणयंत्र तेव्हा कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असेल. पीक विम्याच्या पैशांचंही तसंच. हे पैसे घराच्या एकूण उत्पन्नात राहू द्या, पण प्रत्येक तक्ता त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय असा दोनदा काढा.

पायरी ७ : शेजारचं गाव

नवीन माणसाला ही पायरी चैनीची वाटते. माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा हीच महत्त्वाची, कारण उत्पन्न प्रकल्पाशिवायही वाढतं. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०१९-२० मध्ये २०६ रुपये होती, २०२४-२५ मध्ये २९७ झाली. पाच वर्षांत ४४ टक्के. तुमच्या सभासदांची मजुरी तेवढीच वाढली असेल, तर त्यात तुमचं श्रेय काय?

म्हणून जिथे प्रकल्प नाही अशी, पण पाऊस, पीक, रस्ता, बाजार यांत सारखी असलेली गावं निवडा आणि तिथेही त्याच वेळी, त्याच फॉर्मने जा. फक्त सभासद आणि बिगरसभासद यांची तुलना करू नका; गटात येणाऱ्या बायका मुळातच जरा धडपड्या असतात. लाभार्थी जास्त आणि पैसे कमी असतील तर उत्तम संधी: चिठ्ठ्या टाका. ज्यांना पहिल्या वर्षी मिळालं आणि ज्यांना दुसऱ्या वर्षी मिळणार, त्यांची तुलना करा. अतिगरीब कुटुंबांना जनावरं, प्रशिक्षण आणि काही काळ खर्चाला पैसे देणाऱ्या कार्यक्रमाची सहा देशांत अशीच सोडतीने चाचणी झाली. दहा हजारांहून जास्त कुटुंबं होती, भारतही त्यात होता. निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि चांगले आले. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही फरक टिकून होता. त्याच वर्षी हैदराबादच्या १०४ वस्त्यांमधल्या सूक्ष्मकर्जाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या वस्त्या सोडतीने निवडल्या होत्या. तिथे काही धंदे वाढले, पण घरांचा सरासरी खर्च वाढलेला दिसला नाही. शेजारची वस्ती मोजली नसती तर दोन्ही ठिकाणी टाळ्याच पडल्या असत्या.

हिशोब साधा आहे. समजा, प्रकल्पातल्या घरांचं वर्षाचं उत्पन्न ८४,००० वरून १,१४,००० झालं, वाढ ३०,०००. शेजारच्या गावांत ८१,००० चे १,०३,००० झाले, वाढ २२,०००. आता महागाई. या काळात ती १२ टक्के झाली असेल तर आधीचे ८४,००० म्हणजे आजचे ९४,०८०, आणि ८१,००० म्हणजे ९०,७२०. खरी वाढ प्रकल्पात १९,९२०, शेजारी १२,२८०. फरक ७,६४० रुपये. तीस हजारांवरून आपण इथे आलो. महागाईसाठी श्रम ब्युरोचा शेतमजुरांचा किंवा ग्रामीण मजुरांचा निर्देशांक घ्या. तो दर महिन्याला निघतो. दोन्ही वेळचे आकडे एकाच मालिकेतले आहेत ना, एवढं पाहा.

पायरी ८ : सरासरीवर थांबू नका

वीस घरांपैकी एकोणीस घरांची वाढ ४,०००, आणि विसाव्याने ट्रॅक्टर घेऊन भाड्याने लावला म्हणून त्याची २,१०,०००. सरासरी १४,३०० येते. वीसातल्या एकाही घराला १४,३०० मिळालेले नाहीत. मधल्या घराचा आकडा, म्हणजे मध्यक, ४,००० आहे. तो छापा. घट झालेली घरं किती, तेही छापा. गट सोडून गेलेल्यांना यादीतून काढू नका. त्यांच्याकडेही जा, कारण शेळी मेल्यावरच बाई बैठकीला यायची थांबते.

केंद्राच्या ‘लखपती दीदी’ योजनेसारख्या उत्पन्नाच्या रेषेचंही जरा सांभाळून. वर्षाला लाखाच्या वर घरचं उत्पन्न, आणि तेही किमान चार हंगाम टिकलेलं, अशी तिची व्याख्या आहे. ९८,००० वरून १,०१,००० ला गेलेलं घर त्या मोजणीत येतं. ३०,००० वरून ८०,००० ला गेलेलं येत नाही. रेषा ओलांडलेल्यांची संख्या सरकारला हवी असते, ती द्या. वाढ मात्र वेगळी मोजा.

घरं किती घ्यायची, हे मला सारखं विचारलं जातं. तीस घरांत लहान फरक दिसणार नाही, एवढं नक्की. पावसा-भावाचे चढउतारच त्याच्याहून मोठे असतात. तीनशे सभासद असतील तर चिठ्ठी टाकून शंभर निवडा, शेजारची शंभर, आणि प्रत्येक घरी दीड तास बसा. हजार घरी वीस-वीस मिनिटं बसण्यापेक्षा हे बरं. आधार क्रमांक घेऊ नका. नावाऐवजी क्रमांक द्या आणि नाव-क्रमांकांची यादी दुसरीकडे कुलुपात ठेवा.

पायरी ९ : आकडे गावात वाचून दाखवा

निधी देणाऱ्यांना पाठवण्याआधी. कुणाच्या घराचे आकडे चारचौघांत वाचायचे नाहीत, फक्त एकूण. ज्याच्या-त्याच्या घरचे त्याला एकट्याला दाखवा. मी त्या शेळीवाल्या काकूंना त्यांचा कागद ओसरीवर वाचून दाखवला. विक्री, जत्रेचा बोकड, पेंड, मेलेली शेळी, बुडालेली मजुरी, शेवटी ३,२००. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

‘आन्‌ लेंडीखताचं?’

द्राक्षबागवाल्याने त्यांच्याकडून गाडीभर लेंडीखत नेलं होतं, १,२०० रुपयांना. मी ३,२०० खोडून ४,४०० लिहिले आणि रात्री फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला. मग लक्षात आलं की शेजारच्या गावातल्या शेळीवाल्यांनाही हे विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोटरसायकल काढली.